चुकायला जागा

केमिकल प्लांटमध्ये नव्या पोराला सगळ्यात आधी काय ऐकवतात, तर 'हात लावू नकोस'. मलाही ऐकवलं होतं आणि शिफ्ट इन्चार्ज झाल्यावर मीही कित्येकांना ऐकवलं. सांगणं बरोबरच आहे. ज्याला पंपाची सक्शन कुठली आणि डिस्चार्ज कुठली हे अजून कळत नाही, त्याने व्हॉल्व्हच्या चाकाकडे बघत उभं राहावं. पंचाईत एवढीच, की नुसतं बघून हे काम येत नाही.

महाडपासून लोटे-परशुरामपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात मुलं येतात ती आयटीआयचा 'अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट' हा दोन वर्षांचा ट्रेड करून, नाहीतर केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. होऊन. आल्या आल्या वर्गात बसवून सेफ्टी, एमएसडीएस, आग विझवायची नळकांडी वगैरे दाखवतात आणि मग एखाद्या जुन्या ऑपरेटरच्या हवाली करतात. 'यांच्या मागं फिर.' पोरगा फिरतो. जुना माणूस चांगला मिळाला तर नशीब. तो पाइपला हाताचा मागचा भाग लावून लाइन गरम आहे की नाही ते सांगायला शिकवतो, पंपाच्या आवाजावरून बेअरिंग ओळखायला शिकवतो. तिरसट मिळाला तर पोरगा चहा आणायला आणि लॉगशीट भरायला शिकतो. पण दोघांच्याही मागे फिरून एक गोष्ट शिकायला मिळत नाही. प्लांट बिघडला की काय करायचं, ही ती गोष्ट. कारण प्लांट रोज बिघडत नाही, आणि ज्या दिवशी बिघडतो त्या दिवशी नव्या पोराला सगळे ओरडून सांगतात, 'बाजूला हो!'

म्हणजे प्लांट जितका चांगला चालेल तितकं ऑपरेटरचं शिक्षण कच्चं राहतं. हे काही मी शोधून काढलेलं नाही. लिझान बेनब्रिज नावाच्या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी १९८३ सालीच एका लेखात हा उपरोध मांडला होता. सोपी कामं सगळी यंत्राकडे गेली की माणसाच्या वाट्याला फक्त अवघड प्रसंग उरतात, आणि त्यांचाच सराव त्याला कधी झालेला नसतो. प्लांटमध्ये हे वाक्य कुणाला वाचून दाखवायची गरज नाही. नाइट शिफ्टला वीज गेलेली असताना कंट्रोल रूममधल्या डीसीएसच्या स्क्रीनवर शंभर अलार्म एकदम लाल झालेले ज्याने पाहिलेत त्याला ते आधीच ठाऊक असतं.

मॉक ड्रिल होतात, नाही असं नाही. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिवस, पुढं सुरक्षा सप्ताह. औद्योगिक सुरक्षा संचालनालयाचे साहेब येतात, हूटर वाजतो, माणसं गप्पा मारत असेंब्ली पॉइंटला जमतात, हेडकाउंट होतो, एका सडपातळ कामगाराला जखमी करून स्ट्रेचरवरून नेतात. सडपातळ अशासाठी की उचलणाऱ्यांना त्रास नको. ड्रिलचा उपयोग आहेच, रस्ते पाठ होतात. पण त्यात कुणी काही चुकत नाही, कारण चुकायला तिथं काही ठेवलेलंच नसतं.

विमानवाले याबाबतीत आमच्या फार पुढे. एडविन लिंकने १९२९ मध्ये वैमानिकांसाठी जमिनीवर डुलणारं खोकं तयार केलं, आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत वैमानिक त्यात बसून शिकू लागले. अणुवीजवाल्यांना १९७९ च्या थ्री माइल आयलंडच्या अपघाताने शहाणं केलं. तिथे ऑपरेटरांनी समोरच्या खुणांचा चुकीचा अर्थ लावून आपत्कालीन पाणी कमी केलं होतं. त्यानंतर कंट्रोल रूमची हुबेहूब नक्कल करून तिच्यावर सराव घेणं अणुभट्ट्यांमध्ये सक्तीचं झालं. रिफायनऱ्या आणि मोठ्या पेट्रोकेमिकल कंपन्यांत ओटीएस, म्हणजे ऑपरेटर ट्रेनिंग सिम्युलेटर, आला त्यालाही बरीच वर्षं झाली. पण हे सगळं खुर्चीवरच्या माणसासाठी. जो एसीत बसून स्क्रीन बघतो त्याच्यासाठी.

बाहेर जो उन्हापावसात फिरतो त्या फील्ड ऑपरेटरसाठी काय होतं? वॉकीटॉकी. आतून आवाज येतो, 'पी-वन-झीरो-टू बीची डिस्चार्ज बंद कर,' आणि हा पळतो. चार पंप एका ओळीत, चारही हिरवे. नंबरची पाटी रंगवताना रंगाऱ्याने पुसलेली. त्याने कुठला व्हॉल्व्ह बंद केला हे आतल्याला तेव्हा कळतं जेव्हा भलताच अलार्म येतो. व्हीआरचा गॉगल आमच्याकडे आला तेव्हा मला त्यात जे नवं दिसलं ते एवढंच, की पहिल्यांदाच कुणीतरी या बाहेरच्या माणसाचा विचार केला होता.

तोवर मी शिफ्टमधून ट्रेनिंगला आलो होतो. हेड ऑफिसने बजेट मंजूर केलं आणि पुण्याहून एका कंपनीची मुलं आली. हुशार, केस वाढवलेली, आधी गेम बनवत होती. त्यांनी तिवईवर लेझर स्कॅनर लावून प्लांटचा कोपरान् कोपरा मोजला, पी-अँड-आयडीच्या ड्रॉइंगची फाइल मागून घेतली आणि म्हणाली, आता तुम्ही काही करायचं नाही, सगळं यातून होईल.

झालं नाही, आणि ते न झालेलंच माझ्या दृष्टीने या सगळ्या उद्योगातलं सगळ्यात मोलाचं.

पहिला नमुना दाखवायला त्यांनी आमच्या सगळ्यात जुन्या फील्ड ऑपरेटरला गॉगल चढवला. सगळा प्लांट त्याला मामा म्हणतो, साहेब लोकसुद्धा. मामा गावातल्या जुन्या देवळात शिरल्यासारखा मान वर करून सगळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, ''साहेब, सगळं हाय तसंच हाय. पण ह्यो आमचा प्लांट न्हाय.''

''का हो मामा?''

''हितं सगळी गेज खरं बोलतायत.''

मग जे सुरू झालं त्याला पुण्याच्या मुलांनी 'रिक्वायरमेंट गॅदरिंग' म्हटलं. मला तर ती एका पिढीने दुसऱ्या पिढीपुढे सोडलेली मोळी वाटली. मामा बोलत गेला. दुसऱ्या रिॲक्टरच्या जॅकेटचं प्रेशर गेज अडीचवर अडकतं, त्याला बोटाने टिचकी मारल्याशिवाय वाचायचं नाही. ड्रॉइंगमध्ये बायपास पंपाच्या उजवीकडे आहे, खरा तो मागं आहे, कारण टाकीचं फाउंडेशन आडवं आलं होतं. पावसाळ्यात स्क्रबरच्या जिन्याच्या खालून तिसऱ्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. ब्राइनच्या लाइनवरच्या त्या व्हॉल्व्हचं चाक फिरतं, पण आत स्पिंडल तुटलेला असल्याने बंद काहीच होत नाही. मेंटेनन्सला चिठ्ठी गेली आहे, तोवर त्याच्या मागचा वापरायचा. यातलं काहीही कुठल्याच एसओपीत नव्हतं. ऑडिटरला ते कुणी सांगितलं नव्हतं. मामा रिटायर झाला असता तर त्याच्याबरोबर तेही गेलं असतं.

अर्धी यादी अशी होती की ती व्हीआरमध्ये घालण्याऐवजी आधी प्लांटमध्येच दुरुस्त करायला हवी होती. तुटक्या स्पिंडलचं काम दुसऱ्याच दिवशी झालं. कारण आता ती बाब हेड ऑफिसला जाणाऱ्या प्रोजेक्ट रिपोर्टात येणार होती. कंपन्यांना कशाची लाज वाटते हे बघण्यासारखं असतं. उरलेल्या अर्ध्या यादीबद्दल मी हट्ट धरला की खोटं बोलणारं गेज मॉडेलमध्येही खोटंच बोलायला हवं. प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा कळवळून म्हणाला, ''सर, क्लायंटला तो बग वाटेल.'' मी म्हटलं, क्लायंट मीच आहे.

गॉगलबद्दल थोडं सांगायला हवं, कारण बाहेर त्याच्याविषयी एकतर भक्ती असते, नाहीतर चेष्टा. वजन साधारण अर्धा किलो. चष्मेवाल्यांची तारांबळ उडते. कोकणात मे महिन्यात दोघातिघांनी घालून झाला की आतल्या फोमला हात लावायची इच्छा होत नाही. पुसायचे रुमाल आणि बदलायची कव्हरं ही खर्चाची बाब कुठल्याही कोटेशनमध्ये नसते. काहींना मळमळतं. डोळे सांगतात आपण चालतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण जागेवर उभे आहोत, आणि या भांडणाचा निकाल पोटात लागतो. मळमळू नये म्हणून बनवणाऱ्यांनी युक्ती काढलेली असते. हातातल्या कंट्रोलरने जमिनीवर ठिपका दाखवायचा, बटण दाबायचं, की तुम्ही तिथं हजर.

ही युक्ती मला आल्या दिवसापासून खटकली. आणीबाणीत अंतर हाच अर्धा प्रश्न असतो. क्लोरीन शेडपासून बीए सेटच्या, म्हणजे श्वासासाठी पाठीवर घ्यायच्या हवेच्या सिलिंडरच्या, कपाटापर्यंत किती लांब आहे, जिना किती पायऱ्यांचा आहे, पाठीवर सिलिंडर घेऊन त्या चढताना किती दम लागतो, हे पायांना कळायला हवं. ठिपका दाखवून पोचणाऱ्या मुलाच्या डोक्यात प्लांट म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या खोल्या. शेवटी आम्ही रिकामं गोदाम मिळवलं, फरशीवर पट्ट्या मारल्या आणि निदान क्लोरीन शेडपुरता भाग खऱ्या मापात चालत जाऊन करायचा केला. चालायला मिळालं म्हणून मळमळही कमी झाली.

जोराचं काय करायचं हा दुसरा प्रश्न. व्हीआरमधला आठ इंची गेट व्हॉल्व्ह मनगटाने गरागरा फिरतो. खऱ्याला पंचवीसएक फेरे लागतात, आणि बरेच दिवस न फिरवलेला असेल तर पहिला अर्धा फेरा निघायलाच पान्याची दांडी लावून अंगाचा भार टाकावा लागतो. कंट्रोलर हातात नुसता थरथरतो, अडवत नाही. यावर आमचा उपाय काही हायटेक नव्हता. भंगारातून तसाच एक व्हॉल्व्ह उचलून आणला, गोदामात लोखंडी घोडीवर बसवला. गॉगल काढला की ग्लोव्हज घालायचे आणि हा पूर्ण बंद करून दाखवायचा. गॉगलच्या खोलीत सगळ्यात जास्त शिव्या या व्हॉल्व्हने खाल्ल्या आहेत.

क्लोरीनचा प्रसंग आम्ही आधी घेतला. खऱ्यात ज्याचा सराव करताच येत नाही असा तो आहे. टोनरमध्ये, म्हणजे क्लोरीनच्या मोठ्या सिलिंडरमध्ये, ९०० किलो द्रव क्लोरीन असतो. दोन व्हॉल्व्ह एकावर एक येतील असा टोनर आडवा ठेवतात. मग वरच्यातून वायू निघतो, खालच्यातून द्रव. गळती खालच्या बाजूला असेल तर पहिलं काम म्हणजे टोनर फिरवून गळणारी जागा वर आणायची. कारण द्रव बाहेर पडला की त्याचा वायू होताना सुमारे साडेचारशे पट फुगतो. गळतीच्या जागी पाणी मारायचं नाही. पाण्याबरोबर ॲसिड होतं, धातू खातं आणि भोक मोठं होतं. हे सगळं पोस्टरवर लिहिलेलं आहे. परीक्षेत विचारलं तर सगळी पोरं लिहितात. गॉगल घालून शेडमध्ये उभं केल्यावर मात्र निम्म्याहून जास्त पोरं सरळ फायर होजकडे पळाली. पोस्टर डोक्यात होतं, हाताला त्याचा पत्ताच नव्हता.

इथंही एक भांडण झालं. पुण्याच्या मुलांनी मस्त हिरवट पिवळा ढग केला होता. टोनरातून वळवळत निघायचा, पायाशी पसरायचा. दिसायला झकास. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड, तेव्हा तो खाली पसरतो हे खरंच. पण माणसाला इजा करायला पुरेल एवढा क्लोरीन पुष्कळदा डोळ्यांना दिसतच नाही. दिसेल इतका असेल तर तुम्ही आधीच नको तिथं उभे आहात. ढग बघून बाजूने जायला शिकलेला पोरगा खऱ्या शेडमध्ये ढग दिसत नाही म्हणून आत शिरेल. म्हणून आम्ही ढग पुसायला लावला. उरला डिटेक्टरचा आकडा, त्याचं बीप, छपरावरचा विंडसॉक, आणि गळती शोधायला धरलेल्या अमोनियाच्या बाटलीपाशी उठणारा पांढरा धूर. डेमो बघायला आलेल्या साहेबांची निराशा झाली. ''यात दिसत तर काहीच नाही,'' असं ते म्हणाले, आणि मला तेच हवं होतं.

वासाचं विचाराल तर तो गॉगलमध्ये नाही, आणि जुनी माणसं याच मुद्द्यावर त्याला मोडीत काढतात. नाकाने प्लांट चालवलेली ती माणसं आहेत. त्यांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास अगदी थोडा असताना येतो, पण शंभर पीपीएमच्या पुढे तो वायू वास घेणारी शक्तीच बधिर करतो. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून माणसं आत उतरली आहेत आणि परत आलेली नाहीत. नाकावर विश्वास ठेवायची सवय मोडायला बिनवासाचा गॉगल वाईट नाही.

पण मला ज्यासाठी हे लिहावंसं वाटलं ती गोष्ट रिॲक्टरच्या प्रसंगातली आहे.

प्रसंग साधा. ग्लास-लाइन्ड रिॲक्टर, बॅच चालू, वरच्या टाकीतून हळूहळू डोसिंग चाललंय, जॅकेटमध्ये थंड करणारं ब्राइन फिरतंय. पावसाळ्यातला नेहमीचा व्होल्टेज डिप. ॲजिटेटर, म्हणजे आतला माल ढवळणारा पंखा, ट्रिप होतो. काय कराल? मी हे कितीतरी जणांना विचारलंय, आणि गॉगल घातलेल्या माणसाचा हात बोलण्याच्या आधी जातो तो ॲजिटेटरच्या हिरव्या बटणाकडे. बंद पडलेलं चालू करायचं, हीच माणसाची पहिली बुद्धी. आधी डोसिंग बंद करायला हवं. त्यात थोडा वेळ गेला असेल तर ॲजिटेटर मुळीच चालू करायचा नाही, इन्चार्जला बोलवायचं. कारण न ढवळता आत पडलेला माल तसाच साचून राहिलेला असतो. बटण दाबलं की तो सगळा एकदम मिसळतो आणि जी उष्णता चार तासांत निघायची ती काही मिनिटांत निघते. वाढत्या तापमानाबरोबर रिॲक्शनचा वेग दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो. ब्राइन उष्णता ओढून नेतं ते मात्र जेवढा तापमानातला फरक तेवढंच. ही शर्यत एकदा हरली की पुन्हा जिंकता येत नाही.

फ्लोरिडात जॅक्सनव्हिल इथे टी-टू लॅबोरेटरीजचा रिॲक्टर १९ डिसेंबर २००७ रोजी फुटला. चौघे गेले, त्यात कंपनीचा एक मालकही होता. तिथे कारण वेगळं होतं, थंड करणारं पाणीच गेलं. पण कूलिंग बिघडल्याचा निरोप मालकांना गेला त्यापासून स्फोटापर्यंत जेमतेम दहा मिनिटं गेली. मी वर्गात हे सांगतो तेव्हा पोरं माना डोलावतात. दहा मिनिटं म्हणजे किती हे त्यांना गॉगलमध्ये कळतं.

पुण्याच्या मुलांनी चुकीचं बटण दाबल्यावर भला मोठा स्फोट ठेवला होता, ज्वाळा आणि उडणारे पत्रे. पोरं खुश. मुद्दाम दाबून बघायची, हसायची. मी स्फोट काढायला लावला. त्याऐवजी असं केलं की चुकीचं बटण दाबलं तरी प्रसंग थांबत नाही. तापमान चढायला लागतं. ब्राइन पूर्ण उघडा, चढतंच. डोसिंग आता बंद करा, चढतंच. क्वेंचचं पाणी सोडायचा व्हॉल्व्ह वरच्या मजल्यावर आहे, जा. प्रेशर चढतंय. व्हेंटमधून शिट्टीसारखा आवाज. आपण जे जे करतो त्याला प्लांट आता जुमानत नाही, हे त्या पोराला पाच मिनिटं सलग अनुभवायला मिळतं. गॉगल काढल्यावर कुणी हसलेलं मी पाहिलं नाही.

आणि मग कंपनीने मार्क आणले.

प्रत्येकाचा लॉगिन, प्रत्येक पायरीला गुण, लागलेला वेळ, महिन्याचा 'बेस्ट परफॉर्मर', नोटीस बोर्डावर फोटो. एचआरचा यात वाईट हेतू काहीच नव्हता. पैसे खर्च केले तर आकडा दिसायला हवा, हे त्यांचं रास्त म्हणणं. परिणाम पंधरा दिवसांत दिसला. पोरांनी क्रम पाठ केला. गॉगल चढवला की डोसिंग बंद, वॉकीटॉकी, इन्चार्ज, सही. शंभरपैकी शंभर. कुणी इकडेतिकडे बघेना. गेजला टिचकी मारून बघेना. एका मुलाला मी विचारलं, ॲजिटेटर चालू केला असतास तर काय झालं असतं? तो म्हणाला, ''सर, वीस मार्क कट झाले असते.''

त्या उत्तरावरून मीटिंगमध्ये माझं आणि एचआरच्या बाईंचं चांगलंच जुंपलं. माझा मुद्दा एवढाच होता, की उभ्या प्लांटमध्ये चुकायला जागा नाही, म्हणून तर आपण लाखो रुपये घालून ती या गोदामात केली. तीही पुन्हा बंद करायची असेल तर पोस्टर काय वाईट होतं? बाई ऐकून घेणाऱ्या निघाल्या. आता दोन प्रकार आहेत. एक परीक्षा, वर्षातून एकदा, मार्क वगैरे सगळं. दुसरा सराव, ज्याची नोंदच राहत नाही. कोण आलं, काय चुकलं, काही नाही. सरावाच्या वेळी सुपरवायझरने आत यायचं नाही, हेही लिहून घेतलं. मॅनेजरांपैकी एकाला अजून वाटतं की मी तिथे पोरांना व्हिडिओ गेम खेळू देतो.

नोंद नाही म्हटल्यावर पोरं सेकंड शिफ्टच्या आधी लवकर येऊन गोदामात जायला लागली. मी शेजारच्या खोलीत असायचो, मधलं दार उघडं. बोलणं कानावर यायचं. ''आधी ब्राइन बंद करून बघ रे.'' ''डोसिंग अर्धंच ठेव, बघू किती वेळ टिकतंय.'' ''आता लाव ॲजिटेटर. लाव ना, मरत नाहीस.'' माझ्या अख्ख्या नोकरीत ऑपरेटरांनी रिॲक्टरबद्दल एकमेकांना इतके प्रश्न विचारलेले मी ऐकले नव्हते. एकदा पोरं माझ्याकडे आली की बटण किती उशिरापर्यंत दाबलं तर चालतं, नक्की किती मिनिटं? मी प्रोसेस इंजिनीअरला विचारलं. त्याच्याकडेही आकडा नव्हता. तो काढायला कॅलरीमेट्रीच्या चाचणीसाठी नमुना बाहेर पाठवावा लागला, आणि आता तो आकडा एसओपीत आहे.

एक गोष्ट मात्र मला जमवता आलेली नाही. टोनर उतरवणं, फिरवणं, जोडणी करणं ही कामं आमच्यासारख्या बहुतेक ठिकाणी कॉन्ट्रॅक्टवाले करतात. झारखंडची, बिहारची, उत्तर प्रदेशची पोरं. आज इथे, दिवाळीनंतर गुजरातेत. क्लोरीनच्या सगळ्यात जवळ तेच, आणि ट्रेनिंगचं बजेट मात्र कायम कामगारांच्या माणशी हिशोबाने येतं. आवाज हिंदीत करून घेतला, ते बजेटमध्ये बसलं. माणसं बसवायची म्हटलं की कॉन्ट्रॅक्टर विचारतो, त्या तासांची हजेरी कोण देणार? मी फाइल फिरवतो आहे. तोवर शनिवारी दुपारी मामा त्यांना आपणहून गोदामात घेऊन येतो, ज्याची परवानगी कुणी दिलेली नाही आणि जे मी पाहिलेलं नाही.

दुसरी काळजी मॉडेल शिळं होण्याची. प्लांट जिवंत असतो, दर शटडाउनला एखादी लाइन सरकते, एखादा पंप वाढतो. गॉगलमधला प्लांट जिथल्या तिथे. जुन्या जागी व्हॉल्व्ह शोधायला शिकवलेला माणूस काहीच न शिकवलेल्यापेक्षा धोकादायक, कारण हा ठामपणे पळतो. म्हणून बदलाच्या प्रत्येक फॉर्मवर 'मॉडेलमध्ये दुरुस्ती केली का' असा रकाना घालून घेतला. पुण्याच्या कंपनीने दुरुस्तीचे दर पाठवल्यापासून त्या रकान्यात 'लागू नाही' असं बरेचदा लिहून येतं.

सध्या आम्ही शिफ्ट बदलण्याचा प्रसंग लिहितो आहोत. दोघांनी एकाच वेळी गॉगल घालायचा. एक जाणारा, एक येणारा. कल्पना टेक्सास सिटीच्या अहवालावरून सुचली. २३ मार्च २००५ ला बीपीच्या रिफायनरीत प्लांट सुरू करताना एक उंच टॉवर प्रमाणाबाहेर भरत गेला आणि स्फोटात १५ माणसं गेली. अहवालात यंत्रांचे दोष आहेत, कमी केलेला खर्च आहे, चुकीची लेव्हल दाखवणारा ट्रान्समीटर आहे, महिनाभर रोज बारा तास काम करणारे ऑपरेटर आहेत. माझी नजर अडकली ती लॉगबुकावर. रात्रपाळीने टॉवरमध्ये माल भरला होता आणि सकाळच्यांसाठी त्याबद्दल जेमतेम एक ओळ लिहिली होती.

तशा ओळी मी आमच्या लॉगबुकातही हजार वाचल्या आहेत. 'ऑल ओके.' 'बॅच चालू.' तेव्हा प्रसंग असा. जाणाऱ्याला ठाऊक आहे की डोसिंग मधेच थांबवलेलं आहे. त्याने ते सांगितलं तर येणारा वाचतो, नाही सांगितलं तर येणाऱ्याच्या पॅनलवर सगळं हिरवं. जाणाऱ्याने न सांगावं असं त्याच्यावर काय दडपण ठेवायचं, यावर आम्ही अडलो होतो. पुण्याच्या मुलांनी सुचवलं, टायमर लावू, लाल आकडे उलटे मोजू.

मामा बाजूला बसला होता. म्हणाला, ''आकडं कशाला? गेटवर आमची बस उभी दाखवा, इंजिन चालू. आन् ड्रायव्हर हॉर्न मारतोय.''

मुलाने लॅपटॉप उघडून विचारलं, ''काका, बसचा रंग कुठला?''